मंगळदास मार्केट: अस्तर आणि पन्हा

मुंबईच्या मंगळदास मार्केटमध्ये, म्हणजे कापडबाजारात, साडीवर मॅचिंग ब्लाऊजचं कापड घेतलं की प्रश्न पडतो: "तिथे जुळलेला रंग घरी वेगळाच का दिसतो?" मार्केट वरून झाकलेलं आहे, आत सगळा दिव्यांचा उजेड. साडी सोबत न्या आणि तुकडा कापायच्या आधी साडी आणि कापड दाराशी नेऊन, दिवसाच्या उजेडात शेजारी धरून बघा. मोबाइलवरच्या फोटोवरून मॅचिंग करणं म्हणजे निव्वळ जुगार!

भाव विचारताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आधी विचारा. ४४ इंच पन्ह्यात लांब बाह्यांच्या कुर्त्याला साधारण अडीच मीटर लागतं, ५८ इंचात बरंच कमी. त्यामुळे मीटरला महाग वाटणारं कापड कधीकधी स्वस्त पडतं. चौकड्या किंवा एकाच दिशेची नक्षी असेल तर पाव मीटर जास्तच घ्या, जुळवण्यात तेवढं जातं.

खरा घोळ अस्तराचा. सुती अस्तर न भिजवता शिवलं की पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचं पॉलिस्टर आटत नाही, आणि शिवणीपाशी चुण्या पडतात. रात्रभर पाण्यात ठेवून, न पिळता वाळवून, इस्त्री करूनच शिंप्याकडे द्या. शिंपी "चालतं हो" म्हणेल, ऐकू नका.

सुती म्हणून दिलेल्या कापडाचा धागा जाळून पाहा. कागदासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे बहुधा सुती (रेयॉनही असाच जळतो). कडक मणी उरला तर भेसळ.

रविवारी मार्केट बंद असतं.