मदत हवी आहे: डेबियन १३ वर एचडीएमआयचा मॉनिटर गायब, टाइप-सीचा मात्र चालतोय

नमस्कार मंडळी,

माझ्या लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडलेले असतात. डावीकडचा २४ इंची, उभा फिरवलेला, एचडीएमआयवर. उजवीकडचा आडवा, टाइप-सीवर. मी मराठी विकिस्रोतावर जुन्या पुस्तकांचं मुद्रितशोधन करते, त्यासाठी ही मांडणी. उभ्या पडद्यावर स्कॅनचं अख्खं पान एका नजरेत मावतं, शेजारी मजकूर दुरुस्त करायचा. पान तेवढं मोठं दिसलं तरच कळतं की अक्षरावर अनुस्वार आहे की छपाईतला शाईचा ठिपका. नेमका तोच पडदा आता बंद आहे आणि काम अडलंय.

गेल्या आठवड्यात डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ वरून १३ वर आले. अपग्रेड विनासायास झालं. त्याच सुमारास बॅटरी फुगली म्हणून लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला दिला होता. त्यांनी बॅटरी बदलली आणि बायोसही (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) अपडेट करून दिला. घरी आणून सगळं जोडलं, तर टाइप-सीचा मॉनिटर लगेच लागला आणि एचडीएमआयवाल्यावर 'नो सिग्नल'.

लॅपटॉपमध्ये इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स आहे, सोबत एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० कार्ड. डेस्कटॉप एक्सएफसीई, एक्स११ वर (पडद्यावर चित्र दाखवणारी प्रणाली). ड्रायव्हर डेबियनच्याच नॉन-फ्री भांडारातला, ५५० मालिकेतला. ऑफिसच्या कामासाठी विंडोज वेगळ्या पार्टिशनवर आहे.

आतापर्यंत पाहिलं ते असं. विंडोजमध्ये दोन्ही मॉनिटर व्यवस्थित चालतात, म्हणजे केबल आणि पोर्ट ठीक आहेत. एक्सरँडरमध्ये (जोडलेल्या पडद्यांची यादी देणारी आज्ञा) लॅपटॉपचा पडदा आणि डिस्प्लेपोर्टच्या नोंदी येतात, पण एचडीएमआयचं नावच नाही. 'डिसकनेक्टेड' म्हणूनसुद्धा नाही. डीकेएमएस (ड्रायव्हरचं मॉड्यूल मशीनवरच बांधणारं साधन) स्टेटस सांगतं की एनव्हिडियाचं मॉड्यूल ६.१२ कर्नलसाठी, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासाठी, 'इन्स्टॉल्ड' आहे. एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारं साधन) मात्र ड्रायव्हरशी बोलता येत नाही म्हणतं. ड्रायव्हर पूर्ण काढून (पर्ज) पुन्हा टाकला, फरक शून्य.

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हरची रन फाइल उतरवून टाकण्याची माझी तयारी नाही. कर्नल बदलला की ते परत परत निस्तरावं लागतं. डेबियनच्या पॅकेजांमध्ये राहून उपाय असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, नाव 'डिसकनेक्टेड' म्हणूनही येत नाही, ही फार कामाची खूण दिलीत.

अशा दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपमध्ये कुठलं पोर्ट कुठल्या चिपला जोडलंय हे मदरबोर्डवरच ठरलेलं असतं. तुमच्याकडे आतला पडदा आणि टाइप-सी इंटेलवर, एचडीएमआय एनव्हिडियावर, असं दिसतंय. एनव्हिडियाचं मॉड्यूल लागलं नाही तर एक्सच्या दृष्टीने ते पोर्ट अस्तित्वातच नसतं. त्यामुळे एक्सरँडरच्या आज्ञा, झॉर्गची कॉन्फ फाइल, एक्सएफसीईचं डिस्प्ले सेटिंग यांपैकी कशालाही सध्या हात लावू नका. अडचण त्यांच्याही खालच्या थरात आहे.

डेबियनचं ड्रायव्हर पॅकेज नूव्होला (एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर) ब्लॅकलिस्ट करतं. म्हणजे एनव्हिडियाचं मॉड्यूल अडलं तर कार्डाला दुसरा वालीच उरत नाही. एलएसपीसीआय -के चालवा आणि एनव्हिडियाच्या कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का बघा. नसेल तर सुडो लावून हाताने मोडप्रोब एनव्हिडिया (मॉड्यूल चढवण्याची आज्ञा) द्या आणि जी चूक येईल ती जशीच्या तशी इथे टाका. सिक्युअर बूट चालू आहे की बंद, यावर मोकयुटिल --एसबी-स्टेट काय म्हणतं तेही सांगा.

प्रतिसाद २

कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) नसतील. लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ टाका, अपग्रेडनंतर बहुतेकांचं इथेच अडतं.

धागाकर्ती

हेडर्स आहेत, डीकेएमएसने मॉड्यूल बांधलंय त्यांच्यावरच.

'ड्रायव्हर इन यूज'ची ओळ खरंच नाही. मोडप्रोबला उत्तर आलं: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. आणि मोकयुटिल म्हणतं 'सिक्युअरबूट एनेबल्ड'. पूर्वी ते बंद होतं, हे मला नक्की माहीत आहे, कारण डेबियन १२ टाकताना मीच बंद केलं होतं.

प्रतिसाद १

मग कारण सापडलं. बायोस अपडेट केल्यावर सेटिंग मूळपदावर गेली आणि सिक्युअर बूट चालू झालं. डेबियन १३ चा यात काही दोष नाही, दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या म्हणून संशय तिकडे गेला.

सिक्युअर बूट चालू असलं की कर्नल फक्त ओळखीच्या किल्लीने सही केलेली मॉड्यूल्स आत घेतो. इंटेलचं आय९१५ मॉड्यूल कर्नलसोबतच येतं, त्यावर डेबियनची सही असते, म्हणून तुमचा टाइप-सी चालला. एनव्हिडियाचं मॉड्यूल तुमच्या मशीनवर बांधलं जातं. डीकेएमएस त्यावर सही करतं खरं, पण त्यासाठी लागणारी किल्ली ते तिथल्या तिथे तयार करतं, आणि त्या किल्लीची फर्मवेअरकडे नोंद नाही. डीकेएमएस 'इन्स्टॉल्ड' म्हणतं आणि कर्नल नाकारतो, यात विसंगती काही नाही. मोडइन्फोमध्ये (मॉड्यूलची माहिती दाखवणारी आज्ञा) 'साइनर'समोर 'डीकेएमएस मॉड्यूल साइनिंग की' दिसलं तर यावर शिक्कामोर्तब.

प्रतिसाद ३

एवढा खटाटोप कशाला? बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा, दोन मिनिटांचं काम.

प्रतिसाद १

बंद करून चालेल, पण मी तसं सुचवणार नाही. एक तर पुढच्या बायोस अपडेटला हेच पुन्हा होईल. दुसरं म्हणजे ताईंच्या मशीनवर ऑफिसचं विंडोज आहे. त्यावर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर सिक्युअर बूटची स्थिती बदलल्याबरोबर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती बऱ्याचदा ऑफिसच्या आयटीवाल्यांकडे असते. ताई, तुम्ही काहीही बदलण्याआधी ती की मिळवून ठेवा.

किल्लीची नोंद करणं अवघड नाही. सुडोने मोकयुटिल --इम्पोर्ट द्या आणि पुढे /व्हार/लिब/डीकेएमएस/ मधल्या मोक.पब फाइलचा पत्ता (मोक म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली). एक पासवर्ड मागेल. तो एकदाच वापरायचा असतो, साधा आकड्यांचा ठेवा. मग रीबूट करा. डेबियन सुरू होण्याआधी निळा पडदा येईल. तिथेच बसून राहा, कारण १० सेकंदांत कुठलीही कळ दाबली नाही तर तो निघून जातो आणि नोंद राहून जाते. 'एनरोल मोक', मग 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड आणि रीबूट. मॉड्यूल पुन्हा बांधायची गरज नाही, सही त्यावर आधीच आहे.

हा निळा पडदा लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर बघा. बाहेरचे मॉनिटर तेवढ्यापुरते काढून ठेवलेले बरे.

त्यानंतर /सिस/मॉड्यूल/एनव्हिडिया_डीआरएम/पॅरामीटर्स/ मधली मोडसेट फाइल सुडोने वाचा. 'वाय' हवं. 'एन' असेल तर मोडप्रोब.डी मधल्या एखाद्या कॉन्फ फाइलमध्ये एनव्हिडिया-डीआरएमसाठी मोडसेट=१ लिहा आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी वाचली जाणारी फाइल) अपडेट करा. इंटेलने काढलेलं चित्र एनव्हिडियाच्या पोर्टातून बाहेर पाठवायला, म्हणजे रिव्हर्स प्राइमला, ते लागतं.

धागाकर्ती

आला! मनापासून आभार.

पासवर्ड दिला, रीबूट झालं आणि लॉगिनच्या आधीच डावा मॉनिटर उजळला. मोडसेट 'वाय'च होतं. एक्सरँडरच्या --लिस्टप्रोव्हायडर्समध्ये आता दोन नावं येतात, एक मोडसेटिंग आणि एक एनव्हिडिया-जी०. पोर्टाचं नाव एचडीएमआय-१-० असं दिसतं. विंडोजही एकदा सुरू करून पाहिलं, त्याने रिकव्हरी की मागितली नाही. तरी ती ऑफिसकडून मागवून घेतली आहे.

एक गोष्ट अजून बाकी आहे. लॅपटॉप सस्पेंडमधून उठला की एचडीएमआयवाला मॉनिटर उजव्यापेक्षा जरा उशिरा जागा होतो, आणि तोवर एक्सएफसीई तो काढलाय असं समजतं. मग तो आडवा होऊन लॅपटॉपच्या पडद्यावरचंच चित्र आरशासारखं दाखवतो. दर वेळी हाताने फिरवावा लागतो.

प्रतिसाद ४

ऑटोरँडर वापरून बघा, डेबियनमध्ये पॅकेज आहे. सगळं मनासारखं लावून ऑटोरँडर --सेव्ह आणि पुढे एक नाव द्या. ऑटोरँडर प्रत्येक मॉनिटर ईडीआयडीवरून (मॉनिटर स्वतःबद्दल पाठवतो ती माहिती) ओळखतो आणि जागा, रिझोल्यूशन, फिरवणं सगळं पूर्ववत करतो. एक्सएफसीईच्या डिस्प्ले सेटिंगमधलं 'नवीन डिस्प्ले जोडल्यावर कॉन्फिगर करा' मात्र बंद करा, नाहीतर दोघांची ओढाताण होते.

धागाकर्ती

टाकलं, ते सेटिंगही बंद केलं. हाताने ऑटोरँडर --चेंज दिलं की सगळं जागच्या जागी येतं. सस्पेंडमधून उठल्यावर मात्र कधी आपोआप लागतं, कधी नाही. मॉनिटर जागा होण्याआधीच ते चालून जात असावं असं वाटतं. सिस्टमडीच्या (पार्श्वभूमीतल्या सेवा चालवणारी व्यवस्था) सर्व्हिसमध्ये काही सेकंदांचा विलंब टाकून हे कुणी सोडवलंय का? की मॉनिटर जोडला गेल्याची घटना युडेव्हकडून (उपकरणं जोडली-काढली की दखल घेणारा भाग) पकडणं जास्त भरवशाचं?