उ: उ: वाक्यांचा तक्ता: ‘ग्रात्सिए’ कसं लिहायचं? (उद्या रात्रीपर्यंत सांगा)

प्रेषक: सेस्तोची ताई
बुधवार, सकाळी ७.५०

नमस्कार मंडळी,

इटलीत आपल्याकडे येणाऱ्या आईवडिलांसाठीच्या इटालियन वाक्यांच्या तक्त्याचा दुसरा खर्डा सोबत जोडलाय. शनिवारी आईवडील मंडळी जमणार, म्हणजे शुक्रवारी दुपारपर्यंत छापून हातात हवा. बाकी सगळं झालंय, फक्त इटालियन झेड देवनागरीत कसा लिहायचा तेवढं ठरवा. पहिल्या खर्ड्यात मी ‘ग्राझिये’ (grazie, आभार) लिहिलं होतं, काकूंनी ते खोडून ‘ग्राच्ये’ केलं आणि काल फोनवर काकांनी ‘ग्रात्सिए’ सांगितलं. एकाच कागदावर तीन तऱ्हा नकोत. माझे सासरे-सासूबाई शुक्रवारी उतरताहेत. कागदावर जे असेल तेच सासरे मोठ्यानं म्हणणार, म्हणून ही घाई.

वाक्यांना हात लावू नका, ती गणपतीच्या वेळीच ठरली आहेत.

प्रेषक: मोंझाच्या काकू
बुधवार, सकाळी ९.१५

ताई, मी खोडलं ते विचार करून खोडलं. ‘चमचा’ म्हण. ‘चूल’ म्हण. ‘पाच’ म्हणताना शेवटी जीभ दातांमागे लागून जो आवाज निघतो, तोच ग्रात्सिएतला झेड. हिंदीवाल्यांना हा च नाही, आपल्याला आहे. मग तो सोडून ‘त्स’ची जोडाजोड कशाला? तसंच ‘जरा’तला ज. इथे उन्हाळ्यात डास चावले की ‘झान्झारे’ म्हणतात, त्यातले दोन्ही झेड आपल्या ‘जरा’तल्यासारखे आहेत. आपल्याकडे आहे ते वापरावं.

त, द सुद्धा तसेच. इटालियन त पूर्ण दंत्य आहे, आपल्या ‘तवा’सारखा. खर्ड्यात दोन ठिकाणी ‘टॉरिनो’ आणि ‘स्टात्सिओने’ झालंय, ते आधी बदल. ‘तोरिनो’, ‘स्तात्सिओने’.

प्रेषक: क्रेमोनाचे काका
बुधवार, दुपारी १.०५

काकूंचा कान अगदी बरोबर आहे, लिहिणं मात्र फसेल. ‘माझा’ म्हणा, मग ‘माझी’ म्हणा. झ बदलला ना? ‘चमचा’चं ‘चमचे’ केलं की च बदलतो. आपला दंततालव्य च इ किंवा ए पुढे आला की तालव्य होतो, जिभेची सवयच ती. ग्रात्सिएत झेडपुढे इ आहे. तुम्ही ‘ग्राच्ये’ लिहा, शंभरातले शंभर मराठी वाचणारे ‘चिंच’मधला पहिला च काढतील. म्हणून ‘त्स’. डोळ्यांना जड वाटेल, पण चूक वाचता येत नाही.

पण झेडवर इतका वेळ घालवताय म्हणून सांगतो, ग्रात्सिए चुकलं तरी समोरचा हसून ‘प्रेगो’ (असू द्या) म्हणतो. खरा घोटाळा सी-एच आणि एस-सी यांचा. माझे वडील आले होते तेव्हा बाजारात पीच दिसले. पाटीवर ‘पेस्के’ (pesche) लिहिलेलं. इंग्रजी वाचायची सवय, त्यांनी तिथे ‘पेशे’ वाचलं आणि फळवाल्याकडे अर्धा किलो ‘पेशे’ मागितले. पेशे (pesce) म्हणजे मासे. त्या भल्या माणसानं हात धरून त्यांना समोरच्या मासळीच्या गाडीपाशी नेलं. वडील जन्मभर शाकाहारी. बिचारे परत आले ते रिकाम्या हातानं, आणि नंतर तीन आठवडे बाजारात गेलेच नाहीत. मला ते फार लागलं. सी-एच म्हणजे क, एस-सीपुढे इ किंवा ए आलं की श, एवढं त्यांना आधी सांगायला हवं होतं, आणि मीच सांगितलं नव्हतं.

इकडे क्रेमोना-मांतोवाच्या गोठ्यांमध्ये पंजाबी मंडळी वर्षानुवर्षं काम करतात. त्यांच्यातले कितीतरी जण इथली भाषा अस्खलित बोलतात, शाळेत न जाता, कानानं शिकलेली. वाचून शिकणाऱ्याला मात्र अक्षर फसवतं. म्हणून तक्ता देवनागरीतच हवा.

प्रेषक: तोरिनोची ताई
बुधवार, दुपारी २.४०

काका, पीचवरून आठवलं. खर्ड्यात ‘सेन्त्सा कार्ने’ (मांस नको) एवढंच आहे. ते अजिबात पुरत नाही! माझ्या आईनं ‘सेन्त्सा कार्ने’ सांगितलं आणि पास्त्यात हॅमचे तुकडे आले. वाढणाऱ्या बाईंच्या मनात काही नव्हतं, त्यांच्या हिशेबी तो प्रोशुत्तो, कार्ने नव्हे. पूर्ण वाक्य द्या: ‘नोन मान्जो ने कार्ने, ने पेशे, ने वोवा.’ मी मांस, मासे, अंडी काही खात नाही. ‘मान्जो’तला ज ‘जीवन’मधला.

आणि ‘स्त्रुत्तो’ हा शब्द टाकाच. डुकराची चरबी. पारंपरिक पियादीनाच्या पिठात ती असू शकते, आपली माणसं पोळीसारखी दिसते म्हणून निर्धास्त घेतात. ‘चे लो स्त्रुत्तो?’ एवढं विचारता आलं की झालं.

प्रेषक: माजी सचिव, लोदी
बुधवार, रात्री ९.३०

मूळ तक्ता मी केला होता, हे बहुतेकांना माहीत आहे. बदल करायला हरकत नाही, पण आधी एक फोन हवा होता. मी ‘चाओ’ मुद्दाम शेवटी, चौकटीत टाकलं होतं. नव्या खर्ड्यात ते पहिल्या ओळीत आलंय. ते परत खाली न्यावं अशी माझी विनंती आहे.

कारण सांगतो. चाओ म्हणजे ‘काय रे’. शेजारचं पोर, वर्गमित्र, घरचे. डॉक्टरला, औषधाच्या दुकानात, वरच्या मजल्यावरच्या आजींना ‘बुओन्जोर्नो’, दुपारनंतर ‘बुओनासेरा’. तू आणि तुम्ही यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही, तो इथेही तसाच आहे. त्यामुळे खर्ड्यातलं ‘स्कूझा’ (माफ कर) काढून ‘स्कूझी’ करावं. ‘स्कूझा’ हे अरेतुरे आहे. आपल्या वयाच्या माणसानं अनोळखी बाईला ‘स्कूझा’ म्हटलेलं बरं दिसत नाही.

‘की ए लूल्तिमो?’ हे वाक्य मात्र कोणी काढू नये. शेवटचा कोण? बाजारात, डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत रांग दिसत नाही, सगळे इकडेतिकडे बसलेले असतात. हे विचारलं की कोणीतरी हात वर करतं, त्याच्यानंतर आपण. माझ्या आईला इथलं एवढं एकच वाक्य येत होतं आणि त्याच्या जोरावर ती तीन महिने एकटी बाजारात जात होती. परत गेल्यावर फोनवर तिनं आधी त्या भाजीवाल्याची चौकशी केली होती.

प्रेषक: पोलितेक्निकोचा विद्यार्थी
बुधवार, रात्री ११.५५

सर्वांना नमस्कार. कागदाऐवजी आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला तर झेडचा प्रश्नच राहणार नाही, असं वाटतं.

अजून एक. आडनाव सांगायची पद्धत द्याल का? इटालियन वर्णमालेत २१च अक्षरं आहेत. जे, के, डब्ल्यू त्यात नाहीत आणि आपल्या आडनावांत तीच भरलेली. फोनवर ‘जोशी’ सांगितलं तर नीट लिहून घेतलं जात नाही आणि लिहिलेलं दाखवलं तर ‘योशी’ म्हणून हाक येते. ‘इ लुंगा, ओ, एस्से, आक्का, इ’ असं सुटं करून सांगितलं की चुकत नाही. के म्हणजे ‘काप्पा’. बाकीच्या अक्षरांना शहरांची नावं लावतात, डीसाठी दोमोदोस्सोला, एमसाठी मिलानो. मला इथे येऊन चार महिने झाले, हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं तर एका नोंदणीसाठी दोनदा जावं लागलं नसतं.

प्रेषक: मोंझाच्या काकू
गुरुवार, सकाळी ८.२०

रेकॉर्डिंग कर की, कोण नको म्हणतंय. पण गर्दीच्या ट्राममध्ये दाराकडे सरकायचं असेल तेव्हा फोन काढून कोण ऐकणार? तिथे तोंडात ‘पेर्मेस्सो’ (जरा जाऊ द्या) तयार हवं. कागद पिशवीत राहतो, चार वेळा वाचला की पाठ होतो.

पेर्मेस्सोत दोन एस आहेत, ते दोन्ही म्हणायचे. तक्त्यात जोडाक्षर कुठेही सोडू नका. आपल्याला ‘पता’ आणि ‘पत्ता’ वेगळे कळतात, मग हेही जमेल. ‘काझा’ घर, ‘कास्सा’ पैसे द्यायची जागा. वय सांगताना ‘आन्नी’तला (वर्षं) न अर्धा-पूर्ण स्पष्ट हवा, एकेरी म्हटला तर भलताच अर्थ होतो, तो मी इथे लिहीत नाही. डॉक्टर वय विचारतातच, म्हणून हे महत्त्वाचं.

प्रेषक: सेस्तोची ताई
गुरुवार, रात्री ८.१०

सगळ्यांचे आभार. झेड सगळीकडे ‘त्स’, आणि जिथे घोष आहे (काकूंचा ‘जरा’तला ज) तिथे ‘द्झ’ (‘मेद्झो कीलो’, अर्धा किलो). चाओ खाली नेलं, स्कूझी केलं. माजी सचिवांना फोन करायला हवा होता, माझं चुकलं. शाकाहाराचं वाक्य आणि स्त्रुत्तो घातलं. ‘एत्तो’ही घातलं, कारण चीज आणि ऑलिव्ह तोलून घेताना १०० ग्रॅमला कोणी ग्रॅम म्हणतच नाही, ‘दुए एत्ती’ म्हणजे २०० ग्रॅम. आडनावं मागच्या पानावर.

दुखतंय कुठे ते दाखवायला ‘मी फा माले क्वी’. यातला ‘मी’ म्हणजे ‘मला’, हे कंसात दिलंय, आपल्या लोकांना ते पटकन लक्षात राहील.

प्रेषक: मोंझाच्या काकू
गुरुवार, रात्री ९.००

‘त्स’ चालेल. काकांचं माझा-माझी मी घरात सगळ्यांकडून म्हणवून घेतलं, बरोबर आहे. साठ प्रती माझ्याकडे छापते. पण उद्या शोपेरो (संप) आहे ना? सेस्तोला आणून कशा द्यायच्या?

प्रेषक: क्रेमोनाचे काका
गुरुवार, रात्री ९.२०

संपाच्या दिवशीही सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ लोकल गाड्या चालवाव्याच लागतात. फलाटावर विचारायचं असेल तर शब्द ‘फाशे दि गारान्त्सिया’. श आणि त्स दोन्ही आले. काकू, तुम्ही रात्रीच छापून साडेसातच्या सुमाराची गाडी पकडा, ताई स्टेशनवर घ्यायला येईल.

प्रेषक: सेस्तोची ताई
गुरुवार, रात्री ९.२५

येते. काकू, एक प्रत जरा मोठ्या अक्षरात काढाल का? सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय.