बाबांच्या टाळूवरची गाठ: मार्करसाठी थांबायचं की आधी ऑपरेशन?

मानेवाड्याची लेक:
बाबा ७४ वर्षांचे. सीएलएल म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे. आधी केमो झाले, आता इब्रुटिनिबच्या गोळ्या चालू. पांढऱ्या पेशी आटोक्यात आल्यापासून घरात जरा जीवात जीव आला होता. दिवाळीनंतर कटिंग करताना न्हाव्याच्या हाताला टाळूवर गाठ लागली, वाटाण्याएवढी. बाबांचं एकच, “दुखत नाही तं डॉक्टरले कायले दाखवाचं?” घराजवळच्या दवाखान्यात चरबीची गाठ म्हणून सांगितलं. संक्रांतीपर्यंत ती दोन सेंटिमीटरच्या वर गेली. रंग जांभळट लाल, वरची कातडी ताणलेली, चकचकीत. आठवड्या-आठवड्याला वाढून राहिली आहे.

मग बायोप्सी केली. रिपोर्टमध्ये ‘राउंड सेल ट्यूमर, घातक’ एवढंच आहे आणि पुढे सीके-२०, टीटीएफ-१, सीडी-४५ हे मार्कर, म्हणजे पेशी कुठल्या ते ओळखायच्या चाचण्या, करा असं लिहिलंय. भाऊ म्हणतो, मार्कर-बिर्कर सोडा, गाठ काढून मोकळे व्हा. रक्ताचाच कॅन्सर कातडीत उतरला का? मार्करसाठी थांबलो तर उशीर होईल का? कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, रात्रीची झोप उडाली आहे.

धंतोलीचा पॅथॉलॉजिस्ट:
ताई, मार्कर टाळू नका. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल, गर्द निळ्या पेशी दिसल्या की अगदी वेगवेगळे आजार सारखेच दिसतात. तुमच्या बाबतीत तीन शक्यता पाहाव्या लागतात. सीएलएलच्या किंवा लिम्फोमाच्या पेशी कातडीत आल्या असतील तर सीडी-४५ पॉझिटिव्ह येतो. फुप्फुसातला स्मॉल सेल कॅन्सर टाळूवर पसरला असेल तर सहसा टीटीएफ-१ येतो. आणि सीके-२० पॉझिटिव्ह, तोही पेशीच्या केंद्रकाशेजारी ठिपक्यासारखा, बाकी दोन निगेटिव्ह, असं आलं तर तो मर्केल सेल कार्सिनोमा. तिघांचे उपचार वेगळे आहेत.

रिपोर्ट येईपर्यंत निदान करणं बरोबर नाही, पण वर्णन वाचून माझ्या मनात मर्केल आला. हा कातडीचा दुर्मिळ कॅन्सर आहे. वय झालेल्यांना, उन्हात राहिलेल्या डोक्या-चेहऱ्यावर होतो, दुखत नाही आणि झपाट्याने वाढतो. सीएलएलच्या रुग्णांमध्ये त्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं, कारण हा आजार मुळात प्रतिकारशक्तीच खातो आणि केमोने ती आणखी उतरते. २००८ मध्ये या ट्यूमरमध्ये एक पॉलिओमाव्हायरस सापडला. तो बहुतेक माणसांच्या अंगावर निमूट असतो, एरवी काही करत नाही; प्रतिकारशक्ती उतरली की त्याला वाव मिळतो. म्हणून एकट्या इब्रुटिनिबच्या गोळीला दोष देता येणार नाही, पण ती स्वतःहून बंदही करू नका.

भावाला एवढं जरूर सांगा: मर्केल निघाला तर कॅन्सर पसरताना जिथे आधी पोहोचतो ती पहिली लसिका गाठ, म्हणजे सेंटिनल नोड, तपासायची असते आणि ती मुख्य ऑपरेशनच्या वेळीच काढतात. आधी घाईने मोठा भाग कापला की तिथल्या लसिकेच्या (कातडीतून गाठींकडे वाहणाऱ्या द्रवाच्या) निचऱ्याचा मार्ग बदलतो आणि ती नेमकी सापडत नाही. मार्करला सहसा थोडे दिवस लागतात. तेवढ्या वेळात पुढच्या तपासण्यांची तयारी करता येते.

सक्करदऱ्याचा पुतण्या:
काकांना सीएलएल आणि मर्केल दोन्ही होते. आमची खरी अडचण मानेत झाली. टाळूचा निचरा मानेच्या आणि कानापुढच्या गाठींत होतो, आणि सीएलएलमुळे काकांच्या मानेत गाठी होत्याच. कुठली जुनी, कुठली नवी, हाताला कळत नव्हतं. पेट स्कॅनमध्ये एक गाठ बाकीच्यांपेक्षा फार जास्त चमकली. तिच्यातच सुई घालून नमुना घेतला तेव्हा मर्केल निघाला. ती ‘सीएलएलचीच असेल’ म्हणून सोडली असती तर शेकही (रेडिएशन) चुकीच्या जागी गेला असता. म्हणून रक्ताचे डॉक्टर आणि सर्जन, दोघांना एकत्र बसवा.

इब्रुटिनिबचं सर्जनला आधीच सांगा. त्या गोळीने रक्तस्राव वाढतो, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ती काही दिवस थांबवतात, पण किती दिवस ते डॉक्टरच ठरवतील. आणि ताई, मर्केलला शेक चांगला लागू पडतो, धीर सोडू नका.

मानेवाड्याची लेक:
दोघांचे मनापासून आभार. मानेतल्या गाठींचं कोणी बोललंच नव्हतं, बाबांना डाव्या कानाखाली एक आहे. भावाला हे सगळं वाचून दाखवलं, तो मार्करचे पैसे भरून आला. दुसरीकडे मत घ्यायचं झालं तर नुसता रिपोर्ट चालतो की स्लाइड लागतात?

धंतोलीचा पॅथॉलॉजिस्ट:
स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो), दोन्ही लागतात. लॅबमध्ये लेखी अर्ज देऊन मागा. ब्लॉक पर्समध्ये न्या, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाने मेण वितळतं. आणि कानाखालची ती गाठ उद्याच डॉक्टरांना दाखवा.