डेथचे सात अल्बम, ड्रमरवरून लावलेला क्रम, आणि सिंबॉलिक चौथा

तिसरी_घंटा:
डेथ या डेथ मेटल बँडच्या अल्बमांचा क्रम लावायचा म्हटलं की जो तो त्याच्या गायक-गिटारवाल्या चक शुल्डिनरकडे बघून लावतो. साहजिक आहे. १९८३ मध्ये फ्लोरिडात मांटास नावाने सुरू झालेला हा बँड, पुढच्या वर्षी डेथ झाला, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिकलेला माणूस चक एकटाच. पण तो तर सातही अल्बममध्ये आहे! जो सगळीकडे आहे त्याच्यावरून डावं-उजवं कसं करणार? बदलत राहिला तो मागे ड्रमवर बसलेला माणूस. म्हणून माझा क्रम ड्रमरवरून. ज्यांना पटत नाही त्यांच्यासाठी खाली मैदान मोकळं आहे.

पहिला ह्यूमन (१९९१), आणि यात चर्चा नको. फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्सची सुरुवात हेडफोन लावून ऐका. आधी काहीच नाही, मग लांबून ड्रम मोठे होत होत येतात, आणि गिटार येईस्तोवर मान हलायला लागलेली असते. शॉन रायनर्ट तेव्हा विशीतला पोरगा. तो आणि गिटारवरचा पॉल मास्विडाल दोघेही सिनिक या बँडचे, कान जॅझ-फ्यूजनवर पोसलेले. चकला रिफ (गाण्यात पुन्हापुन्हा येणारे गिटारचे तुकडे) आधीही सुचत होत्या, पण रिफ एका अंगाने चालली असताना ठेका दुसऱ्या अंगाने नेणारा माणूस त्याला भेटला नव्हता. तो भेटला आणि बँड ओळखू येईना. सगळा अल्बम जेमतेम ३४ मिनिटांचा. गाळण्यासारखं एक मिनिट काढून दाखवा.

दुसरा इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स (१९९३). डार्क एंजलमधून आलेला जीन होग्लन. ट्रॅप्ड इन अ कॉर्नर ऐका, बाकी काही सांगत नाही.

तिसरा लेप्रसी (१९८८). बिल अँड्र्यूजला दोन-चारच गोष्टी येतात, पण पुल द प्लगला त्या दोन-चारच लागतात. चौथा सिंबॉलिक (१९९५). होग्लनच, पण अंघोळ करून इस्त्रीचे कपडे घालून आलेला. पाचवा स्क्रीम ब्लडी गोर (१९८७), ख्रिस रायफर्ट. सहावा द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स (१९९८). रिचर्ड क्रिस्टी अफाट वाजवतो, अडचण एवढीच की तो दर सेकंदाला अफाट वाजवतो. सातवा स्पिरिच्युअल हीलिंग (१९९०), पुन्हा अँड्र्यूज.

बेसुरा:
मालक, तुमचा निकष तुमच्याच यादीने मारला. अँड्र्यूज तिसराही आणि सातवाही. होग्लन दुसराही आणि चौथाही. ड्रमर तोच, मग मधली दरी आली कुठून? म्हणजे क्रम लावलाय दुसऱ्याच कशावरून, आणि ड्रमरची पाटी नंतर ठोकलीय.

तिसरी_घंटा:
@बेसुरा, उलट यानेच तर सिद्ध होतंय. लेप्रसीपासून स्पिरिच्युअल हीलिंगपर्यंत चक दोन पायऱ्या चढला. रिफ लांबल्या, वळणं वाढली. अँड्र्यूज होता तिथेच राहिला. टायटल ट्रॅकमध्ये रिफ बदलते आणि त्याला ते थोडं उशिरा कळतं, असं मला दर वेळी वाटतं. लेप्रसीत ती उणीव दिसत नाही, कारण गाणीच सरळ आहेत. ड्रमर वाईट असा नसतो, गाण्याला पुरा पडतो की नाही एवढंच. मी लावलाय तो क्रम त्या पुरं पडण्याचा.

बेसुरा:
मग "ड्रमरवरून" म्हणू नका, "चकला कोण पुरा पडला यावरून" म्हणा. तसं म्हणालात तर बेसवाल्यांचाही हिशोब करा. लेप्रसीच्या कव्हरवर नाव टेरी बटलरचं आहे, पण बेस वाजवलाय चकनेच. ह्यूमनवर स्टीव्ह डीजॉर्जिओसारखा माणूस असून १९९१ च्या मिक्समध्ये तो शोधावा लागतो. २०११ मध्ये जिम मॉरिसने नव्याने मिक्स केलेली आवृत्ती आली तेव्हा कळलं की सी थ्रू ड्रीम्समध्ये खाली काय काय चाललं होतं. तुम्ही वीस वर्षं अर्धाच अल्बम ऐकून त्याला पहिला नंबर दिलात! इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्सवर तोच माणूस फ्रेटलेस, म्हणजे पडद्यांविना बेस, घेऊन उजेडात आहे. द फिलॉसॉफरचा शेवट कुणाच्या हातात आहे? बेसच्या. माझा पहिला तोच.

क्रिस्टल_माउंटनवाली:
सिंबॉलिक चौथा?? "इस्त्रीचे कपडे"?

तिसरी घंटा, तुम्हाला ड्रमरची कसरत आवडते, गाणं आवडत नाही. होग्लनने १९९३ ला सिद्ध केलं की त्याला सगळं येतं. १९९५ ला त्याने त्यातलं काय वाजवायचं नाही ते ठरवलं. क्रिस्टल माउंटनमध्ये रिफ मोकळी असते तेव्हा त्याचा उजवा हात फक्त सिंबलवर काय नक्षी काढतो ते ऐका, पाय गप्प आहेत. आणि शेवटी ती अकूस्टिक धून वर तरंगायला लागते, तेव्हा तो तिच्या खालून निघून जात नाही, तिला धरून ठेवतो. हे कसरतीपेक्षा अवघड आहे हो.

आणि डेथचं कुठलं गाणं तुम्ही भांडी घासताना गुणगुणता? मी एम्प्टी वर्ड्स गुणगुणते. ह्यूमनमधलं व्हेकंट प्लॅनेट्स गुणगुणून दाखवा.

तिसरी_घंटा:
@क्रिस्टल_माउंटनवाली, गुणगुणता येणं हा निकष असेल तर मग आपण डेथ मेटल कशाला ऐकतोय, भावगीतं आहेत की. झीरो टॉलरन्स चांगलंच आहे, पेरेनियल क्वेस्ट तर थोरच. पण मधल्या गाण्यांची घडी एकसारखी वाटते मला. मिसँथ्रोप आणि थाउजंड आइज लागोपाठ लावा आणि कुठलं कुठे संपलं ते सांगा.

क्रिस्टल_माउंटनवाली:
अल्बममध्ये ती लागोपाठ नाहीतच. ऐकलाय ना नक्की?

जुनाट_कॅसेट:
तुम्ही सगळे सुशिक्षित लोक. पहिला स्क्रीम ब्लडी गोर, दुसरा लेप्रसी, पुढे माझ्या दृष्टीने दुसराच बँड आहे, ज्याचं नाव चुकून तेच राहिलं.

स्क्रीम ब्लडी गोरच्या रेकॉर्डिंगच्या वेळी चक १९ वर्षांचा. आधी फ्लोरिडात रेकॉर्ड करायला घेतलं, ते बाद झालं, मग कॅलिफोर्नियात रँडी बर्न्सकडे पुन्हा केलं. गिटार, बेस, आवाज सगळं एकट्याने, सोबतीला फक्त रायफर्ट. झोंबी रिच्युअलची ती सुरुवातीची संथ, सुरेल धून आणि मग एकदम फुटलेली धाव! यात जॅझ नाही, तत्त्वज्ञान नाही, भुतं आहेत आणि मडकी फोडल्यासारखे ड्रम आहेत. रायफर्टने पुढे ऑटोप्सी हा बँड काढला, त्यावरूनच कळतं खरी घाण कुणाच्या हाताला होती. पझेस्ड या बँडचा सेव्हन चर्चेस हा अल्बम १९८५ ला आला होता हे मला माहीत आहे, कुणी सांगायला येऊ नका. पण त्यांच्यात थ्रॅश या आधीच्या मेटल प्रकाराची हाडं अजून दिसतात. इथे मांस सडलेलं आहे.

होग्लन पाचव्या मात्रेला काय करतो याने मला घंटा फरक पडत नाही. (तिसरी घंटा, तुम्हाला उद्देशून नाही.)

कर्जत_लोकल:
जुनाट कॅसेट यांना +१, पण लेप्रसी वर. ओपन कास्केट. विषय संपला.

अवांतर: लेप्रसीचं ते एड रेपकाने काढलेलं कव्हर आईच्या नजरेला पडू नये म्हणून मी ते कपाटात उलटं ठेवायचो.

नाठाळ:
सगळे जण सातव्या नंबरवर स्पिरिच्युअल हीलिंगला ढकलून मोकळे होतात, म्हणून थोडं सविस्तर.

हा अल्बम नसता तर ह्यूमन झाला नसता. इथे चकने भुताखेतांना रजा दिली. लिव्हिंग मॉन्स्ट्रॉसिटी नशेत बुडालेल्या आईच्या पोटी जन्मलेल्या बाळावर, ऑल्टरिंग द फ्यूचर गर्भपातावर, टायटल ट्रॅक श्रद्धेच्या नावाखाली चालणाऱ्या क्रौर्यावर. अमेरिकेत टीव्हीवरच्या पाद्रींची भांडी तेव्हा नुकतीच फुटली होती. ज्यांच्या घरी कधी अंगारा-धुपारा झालाय त्यांना हे गाणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वर जेम्स मर्फीचे सोलो. चकच्या शेजारी पहिल्यांदाच खरोखर तोडीस तोड गिटारवाला उभा राहिलेला.

आणि मग १९९० चा युरोप दौरा. चक ऐन वेळी गेला नाही. अँड्र्यूज आणि बटलर त्याच्याशिवाय गेले, गायला क्रूमधली माणसं उभी केली. त्यानंतर ते दोघे बँडमध्ये राहणं शक्यच नव्हतं. त्या रिकाम्या जागेत रायनर्ट, मास्विडाल आणि डीजॉर्जिओ आले. कायमचा बँड ही भानगडच चकने नंतर सोडून दिली, दर अल्बमला माणसं निवडायची. तुमचा "कोण पुरा पडला" हा खेळ सुरू झाला तो या अल्बममुळे, आणि त्यालाच तुम्ही तळाला गाडलंत.

आता साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स. तुमच्या निकषाने व्हॉइस ऑफ द सोलला शून्य गुण मिळायला हवेत, कारण त्यात ड्रमच नाहीत. अकूस्टिकवर चढत जाणाऱ्या दोन गिटारी, बस. डेथची दहा उत्तम गाणी काढा, ते त्यात असणार की नाही?

तिसरी_घंटा:
@नाठाळ, दौऱ्याचा मुद्दा मान्यच आहे, पण तो इतिहासाचा मुद्दा झाला. बाप कर्तबगार मुलाचा बाप आहे म्हणून त्याला मुलाचे गुण देत नाहीत.

पर्सिव्हिअरन्सबद्दल: त्यातली काही गाणी चकने आधी कंट्रोल डिनाइड या आपल्या दुसऱ्या बँडसाठी बांधली होती, जिथे गायक स्वच्छ आवाजाचा टिम एमर. ते कळून येतं. गाण्याची चाल वर जायला मागते आणि आवाज किंचाळून किंचाळून तिथे पोचतो. ५६ मिनिटं ते मला जड जातं. स्पिरिट क्रशर घ्या आणि बाकीचं अर्धं कापा, मी तो तिसरा लावतो.

बेसुरा:
स्पिरिट क्रशरची सुरुवात बेसने होते. नोंद असावी.

क्रिस्टल_माउंटनवाली:
नाठाळ, स्पिरिच्युअल हीलिंगचं पटलं. पर्सिव्हिअरन्सचा तो उंच आवाज मात्र मलाही झेपत नाही. सिंबॉलिकवर त्याचा आवाज नेमका आहे: शब्द कळतात आणि तरी अंगावर येतात.

जुनाट_कॅसेट:
शब्द कळायला लागले तिथेच बिघडलं.

नवखा_श्रोता:
मंडळी, मी आयर्न मेडन, ज्युडास प्रीस्ट ऐकणारा. गुरगुरणं फारसं झेपत नाही. डेथ कुठून सुरू करू?

क्रिस्टल_माउंटनवाली:
सिंबॉलिक, पहिल्या गाण्यापासून, क्रमाने. दुसरं कुणाचं ऐकू नका.

तिसरी_घंटा:
ह्यूमनमधलं लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन. सुरुवात इतकी मऊ आहे की फसाल.

कर्जत_लोकल:
पुल द प्लग. झेपलं तर थांबा, नाही झेपलं तर मेडनकडे परत जा, गैरसमज नको.

बेसुरा:
द फिलॉसॉफर. शेवट येईपर्यंत बंद करायचं नाही.

नवखा_श्रोता:
सगळी ऐकली. लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शनला फसलो, कबूल. सिंबॉलिक चांगला आहे. पण मध्येच आपोआप शेवटच्या अल्बममधलं पेनकिलर लागलं, ज्युडास प्रीस्टच्या गाण्याचं कव्हर. मूळ मला पाठ आहे, तरी हे त्याहून वेडं वाटलं. मग तो अख्खाच अल्बम लावला. माझ्या यादीत आता पर्सिव्हिअरन्स पहिला. आवाज तर सगळ्यात जास्त त्यातलाच आवडला.

नाठाळ:
😌

तिसरी_घंटा:
@नाठाळ, हा तुमचाच डुप्लिकेट आयडी आहे.