'प्रादेशिक सेना' : यातला प्रदेश नक्की कोणता?

पानवाचक
मे २०२५ मधल्या बातम्या परत चाळत होतो. केंद्राने लष्करप्रमुखांना ही सेना बोलावण्याचे अधिकार दिले, त्या एकाच घडामोडीसाठी कुठे 'प्रादेशिक सेना', कुठे 'टेरिटोरियल आर्मी', कुठे 'राखीव सैन्य', तर एका ठिकाणी चक्क 'स्वयंसेवक दल' असं छापलेलं दिसलं. हे सगळं एकच का? 'प्रादेशिक' म्हटलं की मला प्रादेशिक पक्ष आणि प्रादेशिक परिवहन कार्यालय आठवतं, म्हणजे राज्यापुरतं काहीतरी. मग महाराष्ट्राची वेगळी प्रादेशिक सेना असते का? आणि या तुकड्या 'एम्बॉडी' केल्या असं लिहिलं होतं, त्याला मराठीत काय म्हणावं?

बखरकार
आधी थेट उत्तर. महाराष्ट्राची वेगळी प्रादेशिक सेना नाही. आपापला कामधंदा सांभाळून अर्धवेळ सेवा करणाऱ्या नागरिकांची ही सेना केंद्राची आहे, भारतीय भूसेनेचाच भाग आहे आणि १९४८ च्या केंद्रीय कायद्याने उभी राहिली आहे. पहिले भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ९ ऑक्टोबर १९४९ ला तिचं औपचारिक उद्घाटन केलं. म्हणून ९ ऑक्टोबर हा तिचा दिवस.

आता नाव. ते आपलं नाहीच, उसनं आहे. इंग्लंडमध्ये १८५९ पासून हौशी शिपायांची दलं गावोगाव उभी राहिली होती. कुणाचा गणवेश कसा, कुणाचं शिक्षण किती, सगळा आनंद होता. युद्धमंत्री हॉल्डेन यांनी १९०७ च्या कायद्याने ही दलं आणि जुनं येओमनरी घोडदळ एकत्र बांधलं आणि १ एप्रिल १९०८ पासून 'टेरिटोरियल फोर्स' अस्तित्वात आली. प्रत्येक काउंटीत एक संघटना असायची. माणसं, इमारती, सामान हे ती बघायची, लढाईचं शिक्षण सैन्य बघायचं. शिवाय काम स्वदेशाच्या रक्षणापुरतं. परदेशी पाठवायचं तर त्या माणसाची वेगळी संमती लागे. म्हणजे 'टेरिटोरियल' या शब्दात दोन अर्थ एकत्र आले: माणसं एका मुलखातली आणि नेमणूक स्वतःच्या देशातली. पहिल्या महायुद्धानंतर 'फोर्स'चं 'आर्मी' झालं.

हिंदुस्थानात हाच नमुना आला, पण वर्णभेदासकट. १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्सनंतर १९२० मध्ये दोन वेगळी दलं केली गेली. युरोपीय आणि अँग्लो-इंडियनांसाठी 'ऑक्झिलिअरी फोर्स' आणि हिंदी लोकांसाठी 'इंडियन टेरिटोरियल फोर्स'. कॉलेजांमधल्या विद्यार्थ्यांची युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर या दुसऱ्या घरातली. त्यामुळे आपली एनसीसी आणि प्रादेशिक सेना या एकाच आजोबांच्या नाती म्हणायला हरकत नाही. दोघींचे कायदेही १९४८ चेच.

गंमत अशी की ज्यांच्याकडून नाव घेतलं त्यांनी २०१४ मध्ये ते बदलून 'आर्मी रिझर्व्ह' केलं. आपण मात्र धरून आहोत.

मुलूखमैदान
टेरिटरी म्हणजे मुलूख. मग सरळ 'मुलखी सेना' का नाही केलं?

नाही केलं हे बरंच झालं, कारण 'मुलकी' या शब्दाने मराठीत केव्हाच वेगळं घर केलंय. मुलकी म्हणजे लष्करी नव्हे ते. मुलकी कारभार, मुलकी अधिकारी, मुलकी पोशाख. 'मुलकी सेना' म्हटलं तर शाब्दिक विरोधाभास होतो. पण जरा थांबून पाहा, या सेनेचं वर्णन त्यातच नेमकं होतं! आठवडाभर बँकेत, शाळेत, शेतात, रेल्वेत काम करणारा मुलकी माणूस, जो वर्षातले काही दिवस वर्दी घालतो. ती स्वतःही आपल्याला नागरिकांची सेना म्हणवते. 'प्रादेशिक' शब्द सांगतो ती माणसं कुठली आहेत. ती कोण आहेत हे 'मुलकी'त जास्त कळतं.

राज्यघटनेच्या मराठी पाठात भारताच्या टेरिटरीला 'राज्यक्षेत्र' म्हटलंय. 'राज्यक्षेत्रीय सेना' म्हणून बघा, परेडमध्ये आरोळी देईपर्यंत शत्रू घरी पोचेल.

आणि दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्यात नांगर हातात, ही आपली परंपरा हेच नव्हे का?

बखरकार
ती जोड मोहाची आहे, पण जपून. शिवकाळात पगारी घोडदळ होतं, किल्ल्यांवर बारमाही शिबंदी होती. शेती करून मोहिमेवर जाणारे होते हे खरं, म्हणून सगळी फौज अर्धवेळ होती असं होत नाही. तुलनाच करायची तर कौटिल्याचं 'श्रेणीबल' जवळचं वाटतं. मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र, अटवी हे बळाचे सहा प्रकार त्याने दिलेत. त्यातलं श्रेणीबल म्हणजे व्यवसायांच्या संघांमधून आलेले लढवय्ये. रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांतून उभ्या केलेल्या आजच्या टीए (टेरिटोरियल आर्मी) तुकड्यांना हा शब्द बऱ्यापैकी बसतो.

माजी हवालदार
मंडळी, मी या पलटणीत नोकरी केलेला माणूस. तुमचं वाचतोय आणि हसतोय. आमच्यात 'प्रादेशिक सेना' कुणी म्हणत नाही. बोर्डावर असतं, पत्रावर असतं. तोंडात 'टीए'. कोल्हापुरात रिक्षावाल्याला प्रादेशिक सेनेत सोड म्हणालात तर तो विचारात पडेल, 'टीए बटालियन' म्हणा, सोडतो. तिथली पलटण १०९, मराठा लाइट इन्फंट्रीची. प्रत्येक टीए पायदळ पलटण अशी कुठल्यातरी रेजिमेंटला जोडलेली असते. टोपीवरचं चिन्ह, युद्धघोष, रीतरिवाज सगळं त्या रेजिमेंटचं. म्हणून आम्ही स्वतःला आधी मराठा म्हणतो, मग टीए.

आता प्रकार सांगतो, कारण नाव एक असलं तरी आत चार संसार आहेत. पायदळाच्या पलटणी तर आहेतच. दुसऱ्या म्हणजे खात्यांच्या, यात रेल्वे आणि तेल कंपन्यांची माणसं. संकटात गाड्या आणि इंधन थांबू नये हे त्यांचं काम, वर्दीतही ते आपला रोजचाच धंदा करतात. तिसऱ्या इको, म्हणजे पर्यावरणाच्या. पहिली १२७ गढवाल रायफल्स, १९८२ मध्ये डेहराडूनला उभी केली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर बोडके झाले होते, तिथे झाडं लावायला. यात निवृत्त फौजी घेतात. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरला १३६ आहे, महार रेजिमेंटची. माळावर खड्डे खणणारा फौजी बघून लोक विचारतात, हे कसलं सैन्य? एकदा उन्हाळ्यात रोप जगवून दाखवा, मग बोलू.

चौथ्या जम्मू-काश्मीरमधल्या. त्यांना 'होम अँड हार्थ', म्हणजे घर आणि चूल, म्हणतात. तिथलीच पोरं, तिथेच नेमणूक. बखरकार म्हणाले तो 'प्रादेशिक'चा मूळ अर्थ आज सगळ्यात खरा कुठे असेल तर या पलटणींत. बाकी आम्ही मराठे कुठं कुठं जाऊन आलो ते विचारू नका. १९६२, ६५, ७१ च्या लढायांत टीए होती, श्रीलंकेतही गेली.

आणि 'एम्बॉडी' हा शब्द आमच्या जिवाभावाचा. एम्बॉडी झालो की पगार चालू, रेशन चालू, भत्ते खड्या फौजेसारखे. डिसएम्बॉडी झालो की घरी. मग शेत, नाहीतर आपली आपली नोकरी. भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट असतं की टीए हे पोटापाण्याचं साधन नाही, तरी पोरं त्याच आशेने रांगेत उभी राहतात. तो विषय वेगळा.

कायदेकानू
हवालदारसाहेबांनी जाता जाता 'एम्बॉडी'चं उत्तर देऊन टाकलं. 'खडी फौज'!

कायद्याच्या सातव्या कलमात तीन स्थिती वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. एक, मुलकी सत्तेच्या मदतीला किंवा अत्यावश्यक पहाऱ्यासाठी बोलावणं. दोन, प्रशिक्षणासाठी किंवा नियमित सैन्याला पूरक म्हणून एम्बॉडी करणं. तीन, नियमित सैन्याशी जोडणं. पहिल्याला 'पाचारण' आणि तिसऱ्याला 'संलग्न' हे शब्द तयार आहेत, वाद मधल्याचा. एम्बॉडीचं भाषांतर 'तैनात' असं करतात ते चूक, कारण तैनाती ही पुढची पायरी. पलटण एम्बॉडी झाली तरी ती अजून तिच्या मुख्यालयातच असू शकते. 'स्थापन' तर त्याहून चूक, पलटण कागदावर आधीपासून असतेच.

नियमित सैन्याला आपण 'खडी फौज' म्हणत आलो. मग अर्धवेळ पलटण पूर्णवेळ झाली की ती 'खडी केली'. उलट झालं की 'मोकळी केली'. 'मोडली' म्हणू नका, पलटण मोडणं म्हणजे ती कायमची बरखास्त होणं. सुरुवातीच्या काळात टीएमध्ये चिलखती आणि विमानवेधी तुकड्याही होत्या, पुढे त्या मोडल्या किंवा बदलल्या. हा तिहेरी फरक मराठीत आधीच आहे, नवा शब्द पाडायला नको.

२०२५ ची बातमी मग अशी लिहिता येते: 'प्रादेशिक सेना नियमावलीतील नियम ३३ अन्वये केंद्राने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेचे अधिकारी व जवान बोलावण्याचे अधिकार दिले, ३२ पायदळ पलटणींपैकी १४ खड्या करण्यास मंजुरी.' एकही परका शब्द नाही आणि अर्थही सांडला नाही.

आता 'राखीव सैन्य'. हे नको. सेवा संपवून घरी गेलेला, पण काही वर्षं परत बोलावता येईल असा जो जवान असतो तो राखीव. त्याचा कायदाच वेगळा, १८८८ चा. टीएतला माणूस आधी सैन्यात असलाच पाहिजे असं नाही. 'स्वयंसेवक दल' सुद्धा इथे काही सांगत नाही, कारण आपल्याकडे सक्तीची लष्करभरती नाही. नियमित जवानही स्वखुशीनेच येतो.

मुलूखमैदान
'कुमकी सेना' चालेल? नियमित सैन्याला पूरक म्हणजे कुमकच ना.

कायदेकानू
अर्थ बसतो, पण 'कुमकी' ऐकलं की आता लोकांना रानटी हत्ती पकडायला आणलेला शिकवलेला हत्ती दिसतो. हवालदारसाहेबांना विचारून ठरवा.

माजी हवालदार
नको.

वाचनमात्र होते
आणखी एक घोळ. क्रिकेटपटूंना यात पद मिळतं तेव्हा 'धोनी सैन्यात भरती' असे मथळे येतात. ते बरोबर का?

कायदेकानू
नाही. कपिलदेव यांना २००८ मध्ये आणि धोनीला २०११ मध्ये लेफ्टनंट कर्नल हे पद मिळालं ते 'मानद'. तो शब्द गाळला की बातमी बदलते. धोनीने पुढे पॅराशूट रेजिमेंटच्या १०६ या टीए पलटणीबरोबर काश्मीरमध्ये काही दिवस काढले ही गोष्ट त्याच्या हौसेची, पदाबरोबर आलेली सक्ती नव्हे. याउलट सचिन पायलट २०१२ मध्ये रीतसर निवड होऊन लेफ्टनंट झाले, ते मानद नाही. तिथे वय १८ ते ४२, पदवी आणि आधीपासून कमाईचं साधन या अटी आहेत, परीक्षा आणि मुलाखत आहे. आणि 'भरती' जवानाची होते, अधिकाऱ्याला 'कमिशन मिळतं'. याला चांगला मराठी शब्द कुणाकडे असेल तर द्या, 'राजादेश' वगैरे नको.

पानवाचक
सगळ्यांचे आभार. म्हणजे लिखाणात पहिल्यांदा 'प्रादेशिक सेना', पुढे 'टीए'. 'महाराष्ट्राची प्रादेशिक सेना' चूक, 'कोल्हापूरची टीए पलटण' बरोबर. पण मग राज्याचं असं नागरिकांचं दल नसतंच का?

बखरकार
असतं की. होमगार्ड, मराठीत गृहरक्षक दल. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात सुरू झालं, ते मात्र पोलिसांच्या मदतीला. तिथे 'प्रादेशिक' विशेषण अगदी चपखल बसलं असतं, पण ते दुसऱ्याला देऊन झालं होतं.