मदत हवी आहे : लिनक्सवरून लिनक्सवर आवाज पाठवताना खरखर आणि उशीर

नमस्कार मंडळी. नाशिकला, सिडकोत राहतो. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून (लिनक्सचं डेबियन १२, आवाज सांभाळणारा प्रोग्राम पाइपवायर) हॉलमधल्या जुन्या लॅपटॉपवर, म्हणजे उबुंटू २२.०४ (तिथे तसाच प्रोग्राम पल्सऑडिओ) वर, टनेल सिंकने, म्हणजे एका मशीनचा आवाज नेटवर्कवरून दुसऱ्यावर वाजवायच्या सोयीने, आवाज पाठवतोय. पोर्ट ४७१३. लॅपटॉप ॲम्प्लिफायरला जोडलाय, कारण बाबांना सकाळी अभंग मोठ्यानेच लागतात.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं झकास. मग तंबोरा फाटल्यासारखा वाजतो, तबल्याची थाप मधेच गिळली जाते. बाबा म्हणतात, "तुझ्यापेक्षा माझा रेडिओ बरा!" लेटन्सी (आवाज वाजण्याआधी ठेवलेला उशीर) २०० मिलिसेकंद केली तर खरखर जवळजवळ थांबते, पण व्हिडिओत ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

दोन्हीकडे ४८००० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. म्हणजे जेमतेम दीड एमबीपीएस, त्यामुळे बँडविड्थचा प्रश्न नसावा. लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर आहे. केबल ओढायची तर भिंत फोडावी लागेल, आणि आई ते करू देणार नाही.

वीस मिनिटांनी बिघडतं म्हणून दोन साउंडकार्डांची घड्याळं एकमेकांपासून हळूहळू सरकत असावीत, असा माझा संशय. वायफायचा दोष असता तर सुरुवातीपासूनच तुटलं असतं ना? टनेल सोडून आरटीपी किंवा रॉक (नेटवर्कवरून आवाज पाठवायच्या दुसऱ्या पद्धती) वापरून कुणी पाहिलंय का? बफर (वाजण्याआधी साठवलेला आवाज) किती ठेवलात?