ऑफिससाठी स्लीव्हलेस टॉप कसे निवडावेत? मदत हवी आहे

मला कामावर बहुतेक दिवस ब्लेझर घालावा लागतो. आत बाह्यांचा टॉप असला की ब्लेझरच्या बाहीत कापडाचा बोळा होतो, म्हणून ब्लेझर काढून बैठकीत बसले तरी नीटनेटके दिसतील असे काही स्लीव्हलेस टॉप घेण्याचा विचार आहे.

मुख्य अडचण मुंढ्याची, म्हणजे हात बाहेर काढायच्या कापाची आहे. छातीला बरोबर बसणारा टॉप मुंढ्याला सैल पडतो आणि फळ्यावर लिहिण्यासाठी हात उचलला की बाजूने आतले दिसते. एक माप लहान घेतले, तर काखेत काचते आणि छातीवर आडव्या चुण्या पडतात. छातीला टक्स (आकार येण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या घड्या) असलेला टॉप घेतल्यास ही फट मिटते का, की तयार टॉप शिंप्याकडून खांद्यावर उचलून घेणे बरे? खांद्याची पट्टी आतले पट्टे झाकण्याइतकी रुंद हवी, याबाबत मात्र तडजोड नाही. बारीक पट्ट्यांचे टॉप (ते कितीही सुंदर दिसोत) मी विचारातच घेतलेले नाहीत.

कापडाचाही निर्णय होत नाही. पॉलिएस्टर क्रेप चुरगळत नाही, पण घाम शोषत नाही. रेशमावर घामाचे डाग उमटतात आणि सुती कापड दुपारपर्यंत चुरगळते. व्हिस्कोसचा अनुभव असल्यास, धुतल्यावर तो आटतो का आणि फिकट रंगात अस्तर लागते का, हे कृपया सांगावे.